हिरव्या स्फटिकातलं एक वळण

दिवाळी सरली की यवतमाळहून घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या होतात. जिनिंगकडे निघालेल्या गाड्या इतक्या भरलेल्या असतात की कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि कडेच्या प्रत्येक काट्याला त्यातला थोडा थोडा अडकून राहतो. मी दर शनिवारी कॉलेज आटोपून आईकडे जाते, तेव्हा बसच्या खिडकीतून हे पाहत बसते. या दिवसांत माझ्या शेजारच्या बाईच्या पदराला कापूस असतो, कंडक्टरच्या भुवईला कापूस असतो. मग सागाचं रान सुरू होतं आणि खिडकीतून गार वारा येतो. बाकीचं वर्ष मी बरी असते. याच दोन महिन्यांत एक गोष्ट छातीशी येऊन बसते. ती कोणाला सांगितली नव्हती. या वर्षी सांगितली.

माझे बाबा घाटंजीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. गाडी आत आली की ते वर चढायचे, कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस बाहेर काढायचे, आणि दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचे. धागा किती लांब, ओलावा किती, पत्ती किती, आत कवडी दडवली आहे का, हे त्यांना तेवढ्यात कळायचं. कवडी म्हणजे किडलेल्या बोंडातला पिवळट, घट्ट कापूस. शेतकरी त्यांच्याशी भांडायचे आणि मग ऐकायचे, कारण बाबांनी सांगितलेलं सहसा चुकत नसे. सत्तावीस वर्षं हे केल्यावर रुईची धूळ त्यांच्या छातीत बसली. दोन पायऱ्या चढले तरी दम लागायचा. तेव्हा त्यांनी काम सोडलं आणि घरी बसले. त्याच सुमारास टाळेबंदी लागली आणि मीही घरी येऊन बसले.

मी तेव्हा एका मोठ्या शहरातल्या संस्थेत संशोधन करत होते. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. माझा लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि चार कपडे घेऊन मी आले, ते पंधरा दिवसांसाठी. राहिले आठ महिने. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आमच्या चार एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेएवढी झाली. पहिल्या वेच्याच्या, म्हणजे वेचणीच्या, दिवशी आईनं वावरात सीतादही केलं. धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या एका झाडाला हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला आणि मग ओटी बांधून वेचायला लागली. आठवडाभरात आमची पुढची खोली कापसानं भरली. त्या वर्षी सगळ्यांचाच कापूस घरात पडून होता. खोलीत दारापासून खिडकीपर्यंत एक वाट तेवढी उरली होती. त्या ढिगाला पाठ टेकून मी काम करायची. अंगाला खाज सुटायची, सरकीचा तेलकट वास यायचा, दुपारच्या उन्हात कापूस आतून कोमट व्हायचा. इतकं ऊबदार बसायला मला पुढं कुठं मिळालं नाही.

बाबा समोर खुर्चीवर. त्यांना करायला काही नव्हतं, आणि रिकामं बसणं त्यांना येत नव्हतं. एक दिवस त्यांनी विचारलं की तू नेमकं काय पाहतेस. मी सांगितलं की एक स्फटिक आहे, मसुरीच्या डाळीएवढा, हिरवा. निकेल ऑक्साइडचा. त्याला घासून घासून कागदासारखा पातळ करतात, त्यातून उजेड सोडतात आणि भिंगातून पाहतात. आत भिंती असतात, त्या मी पाहते.

पण त्याआधी चुंबकाचं सांगावं लागलं. साध्या लोहचुंबकात सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात, म्हणून तो खिळा ओढतो. माझ्या स्फटिकात शेजारचा अणू शेजाऱ्याच्या उलट असतो, एक वर, एक खाली. सगळ्यांचा जोर आपसांतच संपतो आणि बाहेर काहीच कळत नाही. त्याला प्रतिलोहचुंबक म्हणतात.

बाबांनी विचार करून विचारलं, "ओढतच नाही, त चुंबक काहून म्हनायचं त्याले?"

हा प्रश्न चांगला होता. शोधणाऱ्यांनाही तो पुष्कळ काळ पडला होता, असं मी त्यांना म्हटलं, तर ते खूश झाले.

भिंतींसाठी मी चुलीजवळची आगपेटी आणली. सतरंजीवर काड्या मांडल्या, एकीचा गूल वर, दुसरीचा खाली, पुन्हा वर. डावीकडून मी मांडत आले आणि उजवीकडून बाबांना मांडायला सांगितलं. मध्ये आम्ही भेटलो तेव्हा शेजारी शेजारी दोन्ही काड्यांचे गूल वर आले.

"चुकलं," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, कोणाचंच चुकलं नाही. तुमच्या बाजूनं तुमचं बरोबर आहे, माझ्या बाजूनं माझं. जिथं जमत नाही, ती भिंत. स्फटिक तापवला की ही सगळी मांडणी मोडते. थंड होताना ती एकाच वेळी पुष्कळ ठिकाणांहून पुन्हा सुरू होते, आणि जिथं दोन मांडण्या भेटतात तिथं भिंती उभ्या राहतात. खऱ्या स्फटिकात ते काड्यांइतकं काटेकोर नसतं. वर-खालीच्या जोडीला आणखी वेगवेगळ्या दिशा असतात, आणि भिंत बऱ्याच अणूंच्या रुंदीत हळूहळू वळत जाते. बाबांनी ऐकलं, मग वाकून आपल्या बाजूची पहिली काडी उलटी केली. भिंत एका काडीनं त्यांच्याकडे सरकली. ते थांबले. पुढची उलटी केली, भिंत आणखी सरकली. एकेक काडी उलटत त्यांनी ती सतरंजीच्या काठापर्यंत नेली आणि शेवटची काडी फिरवली, तेव्हा ती राहिलीच नाही. सगळ्या काड्या नीट एकीआड एक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दम लागला होता, तरी हसत होते.

त्या दिवसापासून ते माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायला लागले. मी स्फटिकाचे फोटो एकामागून एक पाहायची. तोच तुकडा भट्टीत तापवून, थंड करून, पुन्हा भिंगाखाली ठेवलेला. असं मी टाळेबंदीच्या आधी चाळीसेक वेळा केलं होतं. प्रत्येक फोटोत उजळ आणि गडद पट्टे, आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या भिंती. दर वेळी नक्षी वेगळी. मला दाखवायचं होतं ते हेच, की स्फटिकाला मागचं काही आठवत नाही. तापला की सगळं पुसलं जातं आणि भिंती कुठंही उभ्या राहतात. माझ्या प्रबंधातलं हे प्रकरण मी लिहून संपवत आणलं होतं. चाळीस पानं झाली होती. माझे मार्गदर्शक असलेल्या सरांना ते हवं होतं, आणि माझी मुदत जवळ आली होती.

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते फक्त चित्रं पाहायचे. चष्मा नाकावर खाली ओढून, मान थोडी तिरपी करून, गाडीवर चढल्यावर पाहायचे तसंच. आई वावरातून यायची, आम्हा दोघांना पाहायची आणि म्हणायची की बापलेकीले दुसरं काही सुचत नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. लहानपणी बाबा सकाळी जिनिंगला जायचे ते मला फारसे भेटायचेच नाहीत. हंगामात तर नाहीच. यायचे तेव्हा पापण्या पांढऱ्या असायच्या आणि मी त्यांना घाबरायची. एवढे दिवस, एवढ्या जवळ, आम्ही दोघं कधीच बसलो नव्हतो.

कार्तिकातली ती दुपार होती. सकाळी सरांशी फोनवर बोलणं झालं होतं. प्रकरण उशिरा येतं आहे, आणि त्यात नवं फार काही नाही, असं ते म्हणाले होते. बरोबरच्या दोघांचे प्रबंध सादर झाले होते. मी चिडून, पुन्हा पुन्हा तेच फोटो सरकवत होते.

बाबा म्हणाले, "जरा मागचा आन. अजून मागचा." मी आणला. त्यांनी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ बोट ठेवलं. "हे वळन पाय बरं. बाकी सगळं बदलते, पन भिंत इथं आली का वाकते. दरवेळी इथंच."

मी पाहिलं. खरं म्हणजे पाहिलं असं नाही. नजर टाकली. आणि लगेच नजर काढून घेतली. कारण ते खरं असेल तर स्फटिकाला काहीतरी आठवत होतं. मग माझी चाळीस पानं चुकीची होती.

मी म्हटलं की योगायोग आहे. त्यांनी आणखी एक फोटो मागितला. मी लॅपटॉप बंद केला.

"हा कापूस नाही बाबा," मी म्हटलं. "तुमाले यातलं काय समजते?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला. "बरं बेटा," म्हणाले आणि उठले. उठताना खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. ती खुर्ची त्यांनी उचलून पुन्हा भिंतीशी ठेवली, जिथं ती आधी असायची. मी ढिगाला टेकून बसून राहिले. माफी मागावी असं वाटलं, आणि संध्याकाळी मागू असंही वाटलं. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं की ज्वारीची भाकर चालेल का. इतकं नेहमीसारखं विचारलं, की माफी मागायला जागाच राहिली नाही असं मी मला समजावलं.

त्यानंतर ते माझ्याजवळ बसले नाहीत. रागावले नव्हते. चहा आणून द्यायचे, खिडकीतून ऊन आलं तर पडदा ओढायचे. पण लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहायचे नाहीत. पंधरा दिवसांनी संस्था उघडली आणि मी निघाले. बसस्टँडवर त्यांनी माझी पिशवी धरली होती. एवढ्या चालण्यानं त्यांचा श्वास वाजत होता. जेवणाचं विचारलं, खोलीचं विचारलं, गेल्यावर फोन कर म्हणाले. कामाचं विचारलं नाही.

फोनवरही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. प्रकरण पुरं करून सरांना दिलं. ते वाचत होते, मी पुढचं लिहीत होते. तिकडे थंडी पडली आणि छाती दुखते म्हणून बाबा बाहेर निघेनासे झाले, असं आई सांगायची. मग माघात एका दुपारी तिचा फोन आला. ये, एवढंच ती म्हणाली. मी धामणगावला रेल्वेतून उतरले, पुढं बस मिळाली. घरी पोचले तेव्हा माणसं अंगणात होती आणि पुढची खोली रिकामी केलेली होती. कापूस विकला गेला होता. फरशीच्या फटींत थोडा थोडा राहिला होता. ज्या जागी मी बसायची तिथं बाबांना ठेवलं होतं. मी त्यांचे हात पाहिले. त्या दोन अंगठ्यांची कातडी काचेसारखी गुळगुळीत होती, रेषा राहिल्याच नव्हत्या. हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी परत गेले. माणूस गेल्यावर काम लागतं म्हणतात, तसं मी काम लावून घेतलं. सरांनी सुचवलं की आणखी दहा वेळा तापवून पाहा, म्हणजे आकडा भक्कम होईल. मी पाहिलं. सातव्या का आठव्या वेळी भिंगातून पाहत असताना भिंत उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ आली आणि वाकली.

मी भिंगावरून डोळा काढला. दुसरं काही दिसायच्या आधी मला ते बोट दिसलं, पडद्यावर टेकलेलं. मग जुने सगळे फोटो काढले आणि एकावर एक ठेवून पाहिले. भिंत त्या भागातून गेली त्या प्रत्येक वेळी ती त्याच ठिकाणी वाकली होती. तेच वळण. ज्या ज्या वेळी तिकडे भिंतच आली नव्हती, तेवढ्या वेळीच ते नव्हतं. मी ते अडीच वर्षं पाहत होते आणि मला दिसलं नव्हतं. त्यांना तीन आठवड्यांत दिसलं.

पुढं सगळं सोपं होतं. स्फटिकाचा पृष्ठभाग आम्लानं हलकेच खरवडला, तर बरोबर त्या जागी एक लहानसा खळगा उमटला. स्फटिक वाढत असताना अणूंची एक ओळ तिथं मध्येच थांबली होती, पुढं गेलीच नव्हती. आजूबाजूचे अणू त्या अर्धवट ओळीभोवती ताण धरून बसले होते, आणि तो ताण भिंतीला धरून ठेवत होता. भट्टीच्या उष्णतेनं अणूंची वर-खाली मांडणी मोडत होती, पण ती तुटकी ओळ तिथंच राहत होती. सर खुर्चीतून उठून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला शाबास म्हटलं. चाळीस पानं मी फेकली आणि नवी लिहिली. माझा प्रबंध आज त्या एका वळणावर उभा आहे.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, बोलायला मऊ. बऱ्याच प्रश्नांनंतर त्यांनी विचारलं की एवढ्या गुंतागुंतीच्या नक्षीत नेमकी ही जागा पाहावी, हे तुम्हाला सुचलं कसं. सभागृहात पंचवीस-तीस माणसं होती. मला उत्तर माहीत होतं. माझे वडील जिनिंगमध्ये कापूस पारखायचे, त्यांनी दाखवलं, एवढं एक वाक्य होतं. मी ते मनात जुळवलंसुद्धा.

मी म्हटलं, "फोटो पुन्हा पुन्हा पाहताना माझ्या लक्षात आलं."

परीक्षकांनी मान हलवली. कोणीतरी लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी बाबांचे आभार मानले आहेत. आई-वडिलांच्या आशीर्वादाबद्दल. सगळेच मानतात, तसे.

त्याला आता काही वर्षं झाली. मी यवतमाळला शिकवते. वर्गात प्रतिलोहचुंबक आला की आगपेटी नेते आणि पोरापोरींना दोन्ही बाजूंनी काड्या मांडायला लावते. कोणीतरी हमखास म्हणतं की मॅडम, इथं चुकलं. मी समजावते, पण त्या तासाला माझा आवाज थोडा बसतो. पोरींना वाटतं मॅडमला खडूची धूळ लागते.

मागच्या शनिवारी गेले तेव्हा आई घरी नव्हती. दुसऱ्या वेच्याला बाया कमी मिळाल्या म्हणून स्वतःच वावरात गेली होती. मी तिकडेच गेले, तिची जुनी साडी कमरेला बांधून ओटी केली आणि तिच्या शेजारची ओळ धरली. मला भरभर येत नाही. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात. आई दोन झाडं पुढं जायची, मग माझ्यासाठी थांबायची. ऊन चढलं होतं. दूर कुठेतरी जिनिंगचं यंत्र चालू झाल्याचा घरघराट येत होता. कसं कोण जाणे, मी बोलायला लागले. त्या दुपारचं सांगितलं, बोटाचं सांगितलं, मी काय बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. वळण खरं निघालं ते सांगितलं. मग परीक्षकांचं. भिंत म्हणजे काय, ते तिला कितपत कळलं ठाऊक नाही. तिनं ते विचारलंही नाही. हात चालूच होते.

सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग तवा काहून नाही सांगतलं त्या लोकाईले?"

"लाज वाटली."

तिचे हात थांबले. "कायची? तुया बाबाची?"

मी खोटं बोलू शकले असते. एकदा बोलले होते. "हाव," मी म्हटलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कापसाच्या बोंडाला चिकटलेली वाळकी पत्ती काढावी तसं तिनं माझ्या केसांतलं काहीतरी काढलं आणि टाकलं. मग पुन्हा वाकली, आणि वेचता वेचताच बोलली. त्या दुपारी बाबा खोलीतून बाहेर आले तेव्हा ती अंगणात तिखट कुटत होती. त्यांनी येऊन तिच्या हातातलं मुसळ धरलं.

"म्हने, पोरीचं काम अडलं हाये," आई म्हणाली, "आवाज नको करू."

मग ते दाराशी बसले, दिवस मावळेपर्यंत. आलेल्या-गेलेल्याला हळू बोलायला सांगत.